ब्रेक रिमला की डिस्कला? नांदेड-लातूरच्या रस्त्यांवरचा प्रश्न

लातूरची गंजगोलाई असो की नांदेडचं वजिराबाद, आठवी-नववीतला मुलगा वडिलांना घेऊन सायकल घ्यायला निघतो तेव्हा त्याची अट ठरलेली असते. डिस्कवाली पाहिजे. वडील विचारतात, "त्यानं काय होतंय?" पोरगा सांगतो, "पप्पा, जागेवर थांबती." दुकानदार मान डोलावतो आणि थोडे जास्त पैसे मोजून सायकल घरी जाते. दुसऱ्या टोकाला पहाटे बायपासवर पन्नास-साठ किलोमीटर मारून येणारे डॉक्टर, प्राध्यापक, व्यापारी आहेत. रोड बाइक घ्यायची वेळ आली की त्यांच्यातही हाच वाद पेटतो, फक्त बजेटमध्ये एक शून्य वाढलेलं असतं. युरोपात हा वाद सहा-सात वर्षं चालला आणि मिटलाही. आपल्याकडे तो अजून धड मांडलाच गेलेला नाही. आपण तुलना करतो ती वाईट रिम ब्रेकची आणि चांगल्या डिस्क ब्रेकची, आणि तीही मोटारसायकलवरच्या डिस्कची.

आधी युरोपातलं उरकून घेऊ. सायक्लोक्रॉस या चिखलातल्या शर्यतींत डिस्क ब्रेकला जागतिक संघटना यूसीआयने २०१० मध्येच मोकळीक दिली होती. रस्त्यावरच्या शर्यतींत चाचणी सुरू झाली ती २०१५ मध्ये. एप्रिल २०१६ च्या पॅरिस-रुबे शर्यतीत स्पेनच्या फ्रान व्हेन्तोसोच्या पायाला खोल जखम झाली. ती पुढच्या सायकलच्या डिस्कमुळे झाली असं त्याने खुल्या पत्रात लिहिलं आणि चाचणी थांबली. २०१७ मध्ये डिस्कच्या कडा गोल करून ती पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी अबू धाबीच्या शर्यतीत ओवेन डूलचा बूट कापला गेला आणि त्याने बोट दाखवलं मार्सेल किटेलच्या डिस्ककडे. पुढे जुलैत याच किटेलने टूर द फ्रान्समधला डिस्क ब्रेकवरचा पहिला टप्पा जिंकला. १ जुलै २०१८ पासून डिस्कला कायमची परवानगी मिळाली. तरी २०१९ ची टूर एगान बर्नालने रिम ब्रेकच्या सायकलवरच जिंकली. डिस्कवर टूर जिंकली गेली ती २०२१ मध्ये, तादेय पोगाचारने. त्या वर्षाच्या सुरुवातीलाच ख्रिस फ्रूम, म्हणजे चार वेळचा विजेता, डिस्क घासते, तापते, वाकते अशा तक्रारी जाहीरपणे करत होता. कोणी ऐकलं नाही. गिअर-ब्रेक बनवणाऱ्या शिमानो कंपनीने १०५ ही मध्यम किमतीची मालिका बारा गिअरांची केली, २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक आणि २०२३ मध्ये तारेची, आणि दोन्ही फक्त डिस्कसाठी काढल्या. तिथे निकाल लागला.

हा निकाल सगळा गुणवत्तेवर लागला असं मानणं भाबडेपणाचं होईल. एकच प्रकारचा ब्रेक ठेवला की कंपनीला एकच प्रकारची फ्रेम, एकच प्रकारची चाकं बनवावी लागतात. रिमवर ब्रेक घासणार नसेल तर कार्बनची रिम हलकी आणि हव्या त्या आकाराची करता येते. शिवाय जुनी सायकल जुनी वाटू लागली की नवी खपते. डिस्कची सायकल साधारण चारशे-पाचशे ग्रॅमने जड होते आणि महाग पडते, हेही खरं. पण या सगळ्या धंद्याच्या गणिताखाली एक खरा फायदा होता आणि तो आपल्या रस्त्यांना युरोपपेक्षा जास्त लागू पडतो. त्याकडे येतोच.

त्याआधी आपल्याकडे रिम ब्रेक बदनाम का झाला ते पाहायला हवं. आपल्या दोन-तीन पिढ्या ज्या सायकलींवर वाढल्या त्या हिरो, अ‍ॅटलस, हर्क्युलस. अठ्ठावीस इंची चाकं, लोखंडी दांड्यांनी ओढला जाणारा ब्रेक, आणि चकचकीत क्रोम चढवलेली स्टीलची रिम. ही रिम कोरडी असताना ब्रेक बरा लागतो. ओली झाली की रबर तिच्यावरून नुसतं सरकतं. पकड कित्येक पटींनी घटते. पावसात उतारावर पाय जमिनीला घासत सायकल थांबवणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. गिअरच्या स्वस्त सायकली आल्या तेव्हा ब्रेक बदलला, व्ही-ब्रेक आला, पण बऱ्याच सायकलींची रिम स्टीलचीच राहिली. म्हणून 'रबरचा ब्रेक पावसात लागत नाही' ही समजूत पक्की झाली. दोष ब्रेकचा कमी आणि रिमचा जास्त होता. ॲल्युमिनियमची रिम ओली झाली तरी चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत रबर पाणी पुसून काढतं आणि मग ब्रेक धरतो.

दुसऱ्या बाजूला डिस्कची कीर्ती मोटारसायकलने वाढवली. १९९९ मध्ये हिरो होंडाची सीबीझेड पुढच्या चाकाला डिस्क घेऊन आली, मग पल्सर आली, आणि गावोगावच्या पोरांच्या मनात डिस्क म्हणजे दमदार गाडी हे समीकरण बसलं. त्या डिस्कमध्ये तेलाचा दाब असतो. दहा-बारा हजारांच्या सायकलवर जी डिस्क दिसते ती तारेने ओढली जाते. दिसायला बहीण, कामाला लांबची नातेवाईकही नाही.

आता थोडं गणित. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला ८.३ मीटर पुढे सरकते. पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक नीट वापरले आणि गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या दराने वेग कमी केला तर ती साधारण सात मीटरमध्ये थांबते. यापेक्षा फार जोरात थांबवता येत नाही, कारण मागचं चाक उचललं जातं आणि स्वार हँडलवरून पुढे जातो. ही मर्यादा ब्रेकची नाही. ती टायरच्या पकडीची आणि सायकलच्या उंचीची आहे. कोरड्या रस्त्यावर चांगला रिम ब्रेकसुद्धा या मर्यादेपर्यंत सहज पोचतो. म्हणजे उन्हाळ्यात, हिवाळ्यात, सपाट डांबरावर 'डिस्क जास्त थांबवते' हे म्हणणं टिकत नाही. डिस्क थांबवते ती कमी बोटांनी, कमी जोराने, आणि जोर हवा तसा कमी-जास्त करता येतो. शंभर किलोमीटरनंतर बोटं आखडलेली असताना हा फरक छोटा नसतो.

उलट आपल्याकडे एक सवय दोन्ही ब्रेकांची वाट लावते. पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटा पडतो असं लहानपणी डोक्यात बसलेलं असतं, म्हणून पुष्कळ जण फक्त मागचा दाबतात. एकट्या मागच्या ब्रेकने थांबायला तेच अंतर जवळपास दुप्पट, चौदा मीटरच्या घरात जातं. पुढचा ब्रेक न वापरणाऱ्याने जगातली सगळ्यात महागडी डिस्क बसवली तरी पुढचा ब्रेक वापरणारा साधा रिमवाला त्याच्या आधी थांबेल. आणि थांबायचे प्रसंग आपल्या रस्त्यांवर कमी नाहीत. लातूर-चाकूर-अहमदपूर-लोहा-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आता बऱ्यापैकी सुसाट झाला आहे. पण त्यावरून गावात वळलं की पट्टे न मारलेले स्पीडब्रेकर, उसाचे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर, आणि सोयाबीनच्या हंगामात अर्ध्या रस्त्यावर वाळत घातलेलं पीक. सांडलेल्या सोयाबीनवर दोन्ही ब्रेक सारखेच निकामी असतात.

पावसाचा मुद्दा मात्र खरा आहे. ओल्या रिमवर पकड यायला एखादा सेकंद गेला तरी ताशी तीसच्या वेगाला आठ मीटर गेले. कार्बनची रिम असेल तर आणखी जास्त. डिस्क जमिनीपासून वर, हबजवळ असते, लहान असते, तिच्यावरचं पाणी लगेच उडतं, त्यामुळे ती पहिल्या क्षणापासून धरते. पण आपल्याकडे पाऊस पडतो किती? दोन्ही जिल्ह्यांत वर्षाकाठी साधारण सातशे ते नऊशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांतल्या मोजक्या दिवसांत. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तिथल्या माणसाने केवळ ओल्या रस्त्याच्या भीतीने ब्रेक निवडावा हे मला तरी पटत नाही. कोकणात, महाबळेश्वरच्या बाजूला राहणाऱ्याचं गणित वेगळं.

घाटाच्या बाबतीतही तेच. सायकलसकट ८५ किलो भरणारा स्वार ३०० मीटर खाली उतरला तर सुमारे २५० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. काही हवा खाते, उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन येते. आल्प्समधल्या वीस किलोमीटरच्या उतारावर कार्बनची रिम या उष्णतेने फुगते, फाटते. तिथे डिस्कला पर्याय नाही. आपल्याकडे बालाघाटाचे चढउतार आहेत, माहूरगडाचा चढ आहे, तुळजापूरचा घाट आहे. पण हातात ब्रेक धरून अर्धा तास उतरावं असं काही नाही. ताम्हिणी-आंबोलीला जाणाऱ्यांनी विचार करावा. बाकीच्यांनी उष्णतेचं कारण देऊ नये.

मग तो खरा फायदा कोणता? टायर. रोड बाइकचा रिम ब्रेक टायरच्या डोक्यावरून आडवा जातो, आणि त्याच्या चिमट्यात फार तर २८ मिलिमीटर रुंदीचं टायर मावतं. जुन्या सायकलींत तर पंचवीसच. डिस्कवाल्या फ्रेममध्ये वर काहीच आडवं नसतं, त्यामुळे ३२, ३५, काहींत ३८ मिलिमीटरसुद्धा सहज बसतं. आपल्या डांबराच्या कडेला अर्धा फूट खाली उतरलेली साइडपट्टी, तिच्यावरचा मुरूम, पुलांजवळचे खड्डे, काँक्रीटच्या जोडांवरचे दणके हे सगळं ज्याने पंचवीसच्या टायरवर सोसलं आहे त्याला बत्तीसचं टायर म्हणजे काय ते सांगायला नको. हवा कमी ठेवता येते, कंबर वाचते, चाकही वाचतं. ट्यूबलेस टायर घालून आत सीलंट ओतलं तर सराटे आणि बाभळीचे काटे यांचा ताप बराच कमी होतो. मला विचारलं तर नांदेड-लातूरच्या माणसाने डिस्कची रोड बाइक घ्यावी ती टायरसाठी. ब्रेक त्याच्याबरोबर आला असं समजावं.

त्याला जोडूनच काळी माती येते. जून-जुलैत पाणंद रस्त्यावर किंवा शिवाराच्या कडेने गेलात तर ही माती टायरला लागते, टायर फिरेल तशी थरावर थर चढते, आणि ब्रेकच्या कमानीखाली जेमतेम चार-पाच मिलिमीटर जागा असल्यामुळे चाक जाम होऊन सायकल खांद्यावर घ्यावी लागते. डिस्कच्या सायकललाही माती लागतेच, पण जागा मोकळी असल्याने ती बरीच पुढे जाते. खड्ड्यात आपटून चाक आऊट झालं तरी हाच फरक. रिम ब्रेकच्या सायकलला चाक थोडं वाकडं झालं की रबर घासायला लागतं, आणि पुढचं गाव येईपर्यंत ब्रेक सैल सोडून जावं लागतं. डिस्कवाला लंगडत का होईना, घरी पोचतो.

मातीची दुसरी बाजूही आहे. मुरमाचे बारीक खडे रिमच्या रबरात रुततात आणि प्रत्येक ब्रेकला ॲल्युमिनियम खरवडतात. म्हणून रिमच्या कडेला एक बारीक खाच किंवा टिंब दिलेलं असतं. ते दिसेनासं झालं की रिम बदलायची. आपल्याकडे ती खाच कोणी बघत नाही. रिम पातळ होत जाते आणि एक दिवस हवा भरताना फाटते. डिस्कमध्ये झिजते ती डिस्क आणि पॅड; रिम वर्षानुवर्षं टिकते. पण रेझिनचे पॅड ओल्या मुरमात फार भराभर झिजतात. पावसाळ्यात दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, निघणाऱ्याने पॅडचा एक जोड खिशात ठेवावा.

आता दुरुस्ती. या वादात आपल्या भागाचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे, आणि पुण्या-मुंबईत बसून लिहिणाऱ्यांना ते दिसत नाही. रिम ब्रेकची तार, रबर, गाइड कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतं. निलंग्याचा, कंधारचा, देगलूरचा मिस्त्री डोळे झाकून तार बदलतो, चाकाचा आऊट काढतो. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या डिस्कचं तसं नाही. त्यात हवा शिरली की लिव्हर हँडलपर्यंत येतो आणि ब्रेक लागत नाही. ती हवा काढायला त्या कंपनीचं किट लागतं, पद्धत ठाऊक असावी लागते. नाहीतर सायकल गाडीत घालून पुणे, छत्रपती संभाजीनगर किंवा हैदराबाद गाठायचं.

इथे एक सापळा आहे. मोटारसायकलच्या मेकॅनिकला ब्रेकची एअर काढायची सवय असते, त्यामुळे कोणीतरी सुचवतं की त्याच्याकडेच करून घेऊ. त्याच्याकडे असतं डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल. स्रॅम या कंपनीच्या बऱ्याच ब्रेकांत डॉट जातीचंच तेल चालतं. शिमानोच्या ब्रेकांत मिनरल ऑइल लागतं. शिमानोच्या ब्रेकात डॉट भरलं की आतली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो. स्रॅमच्या डॉटवाल्या ब्रेकात मिनरल ऑइल भरलं तरी तीच गत. लिव्हरवर किंवा झाकणावर कोणतं तेल ते लिहिलेलं असतं. ते मेकॅनिकला वाचून दाखवल्याशिवाय झाकण उघडू देऊ नये. डॉट तेल हवेतली ओल शोषतं, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावंच लागतं. मिनरल ऑइलला हा त्रास जवळपास नाही. आपल्या ४३-४४ अंशांच्या उन्हाची मात्र दोन्ही तेलांना फिकीर नाही. त्यांचे उत्कलनबिंदू त्याच्या कितीतरी वर आहेत. डिसेंबर २०१३ मध्ये स्रॅमला आपले हायड्रॉलिक रोड ब्रेक परत मागवावे लागले होते ते कडाक्याच्या थंडीत सीलं निकामी झाली म्हणून. ती अडचण लातूरला येण्याची शक्यता नाही.

पंक्चर काढताना डिस्कवाल्यांनी एक पथ्य पाळायचं असतं. चाक बाहेर असताना चुकूनही ब्रेक दाबायचा नाही. दाबला की पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क आत जात नाही. कंपनीने दिलेला प्लास्टिकचा तुकडा, नाहीतर पुठ्ठ्याची घडी पॅडमध्ये अडकवून ठेवायची. एसटीच्या टपावर किंवा रेल्वेच्या पार्सल डब्यात सायकल टाकताना चाक काढलं असेल तर डिस्क वाकणार नाही हेही बघायचं. एवढीशी वाकली तरी दर फेरीला घासल्याचा आवाज डोकं उठवतो. चेनला मारायचा स्प्रे डिस्कवर उडू द्यायचा नाही. डिस्क चिरकते म्हणून मिस्त्रीने तिच्यावरच तेल सोडल्याचे प्रकार होतात. त्यानंतर आवाज थांबतो आणि ब्रेकही थांबतो. मग पॅड फेकावे लागतात आणि डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी लागते. ते मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे हमखास असतं.

या दोन्हींच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे. लिव्हरपासून तार येते आणि कॅलिपरच्या आत तेल काम करतं, असे अर्धे-हायड्रॉलिक ब्रेक. डेकॅथलॉनच्या ट्रायबन आरसी ५२० वर आलेला टीआरपीचा एचवाय-आरडी हा त्यातला. तार कुठेही बदलता येते, पॅड झिजले तरी आपोआप जुळतात. शुद्ध हायड्रॉलिकचा हातगुण त्याला नाही, पण जिथे दुकान दूर आणि रस्ता खराब, तिथे हा माझ्या मते सगळ्यात समंजस ब्रेक आहे.

राहिला तो आठवी-नववीतला मुलगा. त्याच्या सायकलवरच्या तारेच्या डिस्कमध्ये बहुतेक वेळा एकच पॅड हलतो. तो डिस्कला ढकलून, वाकवून दुसऱ्या स्थिर पॅडला टेकवतो. पॅड झिजत जाईल तसा दोन्ही बाजूंनी जुळवून घ्यावा लागतो. ते कोणी करत नाही. तार तेवढी ओढली जाते. महिन्या-दोन महिन्यांत लिव्हर ढिला, डिस्क वाकडी, आवाज सुरू. त्या किमतीत डिस्कसाठी लागलेले पैसे कुठून तरी वाचवलेले असतात: हबमध्ये, छर्ऱ्यांत, टायरमध्ये. लातूर आणि नांदेडला शिकवण्यांसाठी आलेली हजारो पोरं अशाच सायकलींवर खोली-क्लास-मेस करतात. त्यांच्यासाठी ॲल्युमिनियमच्या दुहेरी भिंतीच्या रिमवरचा व्ही-ब्रेक डिस्कपेक्षा निश्चित चांगला. रिम कशाची हे ओळखायला लोहचुंबक पुरतो. चिकटला तर स्टील. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं, ते आता ५,००० रुपये आहे. त्या पैशात येणाऱ्या लेडीज सायकलींची रिम बहुधा स्टीलचीच असते. शाळा किंवा पालक मिळून दुकानदाराशी बोलले तर पुढच्या चाकाला तरी ॲल्युमिनियमची रिम बसवून घेता येईल. पावसाळ्यात शाळेत जाणाऱ्या मुलीला त्याचा उपयोग कोणत्याही डिस्कपेक्षा जास्त आहे. सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा एवढ्या बदलाला वाव आहे.

ज्याच्याकडे रिम ब्रेकची चांगली रोड बाइक आहे त्याने ती विकू नये. दरवर्षी रबर बदलावं, रिमची खाच बघावी, मावेल तेवढं रुंद टायर घालावं. नवी घेणाऱ्याने, आणि बजेट हायड्रॉलिक किंवा निदान अर्ध्या-हायड्रॉलिक डिस्कपर्यंत जात असेल तरच, डिस्क घ्यावी. मात्र किमान ३२ मिलिमीटरचं टायर बसेल अशीच फ्रेम बघावी. नाहीतर सगळा खर्च वाया.

आणि दोन्ही शहरांतल्या सायकल मंडळींना एक विनंती. दर रविवारी शंभर किलोमीटर मारणारे गट इथे आहेत. त्यांनी वर्गणी काढून ब्रेकमधली हवा काढायचं शिमानोचं एक ब्लीडिंग किट, मिनरल ऑइलची एक बाटली आणि नेहमीच्या मापाचे पॅडचे चार जोड घ्यावेत, आणि गावातल्या एका चांगल्या मिस्त्रीला एक दिवस बसवून हे काम शिकवावं. खर्च एका चांगल्या हेल्मेटएवढा येईल, आणि हैदराबादची फेरी वाचेल.